खाजनाचा बांध आणि गावची तिजोरी

मांडवी आणि जुवारी या नद्या समुद्राला मिळतात असे भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेले असते. परंतु पावसाळ्याचे चार महिने वगळले, तर समुद्रच या नद्यांना भेटावयास गोमंतकात येतो, असे म्हणणे अधिक खरे होईल. भरतीचा जोर मुखापासून चाळीस किलोमीटरहून अधिक आत जाणवतो. चोवीस तास पन्नास मिनिटांच्या अवधीत खारे पाणी दोनदा चढते आणि दोनदा उतरते. उधाणाच्या दिवशी या चढउतारातले अंतर दोन मीटरांच्याही पुढे जाते. आणि नदीकाठच्या पुष्कळशा भातशेतीची पातळी या भरतीच्या रेषेखाली आहे! तेथे भात पिकते ते केवळ शेत आणि नदी यांच्यामध्ये मातीचा एक बांध उभा आहे म्हणून.

या सखल जमिनीला खाजन म्हणतात. डोंगरउतारावरची ती मरड, मधली ती खेर आणि भरतीच्या तोंडाशी असलेली ती खाजन, अशी गोव्यातील शेतजमिनीची जुनी विभागणी आहे. गोव्यात सुमारे १७ ते १८ हजार हेक्टर जमीन खाजनाची आहे. बांध चिखलाचा. त्यात पेंढा आणि बांबू घालून तो घट्ट केलेला असतो, आणि जेथे प्रवाहाची धडक बसते तेथे बाहेरच्या अंगाला जांभ्या दगडाचे अस्तर असते. त्याच्याही पुढे खारफुटीची झाडे राखलेली असतात; लाट बांधावर आदळण्यापूर्वी तिचा जोर या झाडांतच मोडतो.

बांधापेक्षाही कौशल्याची वस्तू म्हणजे त्यातील मानस. मानस म्हणजे बांधात बसविलेला लाकडी दरवाजांचा उघडा. भरती चढू लागली की नदीचे पाणीच या दरवाजांना आतल्या बाजूला रेटते आणि ते मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना बाहेर ढकलते आणि ते उघडतात. पावसाळ्यात साचलेले पाणी असे दिवसातून दोनदा आपोआप निघून जाते. दरवाजाच्या आतल्या बाजूस खोलगट पाण्याची जागा असते, तिला पोंय म्हणतात. तिच्यात मासळी वाढते. पहिल्या पावसांनी शेतातले मीठ धुऊन गेले की खारटपणा सोसणारे कोरगुट किंवा आजगो या जातींचे भात पेरावयाचे. कापणी झाली की मासळी, आणि काही ठिकाणी मिठागरे. एकाच जमिनीतून वर्षात दोन-तीन उत्पन्ने निघत.

ही विद्या फार जुनी आहे. बांदिवडे येथे सापडलेल्या, कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. हा ताम्रपट पाचव्या ते सातव्या शतकांच्या दरम्यानचा मानतात. म्हणजे दीड सहस्रकाच्या सुमारास तरी हा शब्द आणि ही जमीन गोमंतकात रूढ होती. इतका काळ चिखलाचा बांध टिकतो कसा? उत्तर अगदी साधे आहे: तो टिकत नाही. तो दर वर्षी थोडा थोडा पुन्हा बांधावा लागतो. खेकडे त्याला पोखरतात, पाऊस त्याचा माथा धुतो, प्रवाह त्याचा पाया खातो. तेव्हा खाजनाचा इतिहास म्हणजे दर वर्षीच्या डागडुजीचा इतिहास होय. आणि डागडुजीचा इतिहास म्हटला की तो पैशाचा इतिहास होतो.

तो पैसा गावकरीतून येई. गावकरी, जिला पोर्तुगीजांनी पुढे कोमुनिदाद हे नाव दिले, ती गावच्या मूळ वसाहतकारांच्या वंशजांची सभा. गावची जमीन कोणा एकाची नव्हती, या सभेची होती. ठराविक मुदतीने, पुष्कळ ठिकाणी दर तीन वर्षांनी, शेते लिलावाने खंडाने दिली जात. मानशीतली मासळी धरण्याचा हक्कही लिलावानेच जाई. कुळकर्णी जमाखर्च लिही. या जमाखर्चातला क्रम फार महत्त्वाचा आहे. आलेल्या उत्पन्नातून प्रथम सरकारचा सारा, मग देवस्थान, गावचे सेवक, आणि बांध व मानशी यांची दुरुस्ती. हे सर्व भागल्यावर जे उरेल ते गावकरांनी आपसात वाटून घ्यावयाचे. या वाट्याला झोण म्हणत. झोण शेवटी आणि बांध अगोदर, अशी ही मांडणी. ज्या वर्षी बांधाकडे दुर्लक्ष झाले, त्याच्या पुढच्या वर्षी खंड बुडाला आणि झोणही बुडाली. गावकराला बांधाचे महत्त्व पटविण्यासाठी कोणी व्याख्यान द्यावे लागत नव्हते.

एक खाजन पुष्कळदा एकाहून अधिक गावांत पसरलेले असे, आणि त्यात काही जमीन खासगी मालकीचीही असे. पाणी गावची शीव पाहत नाही. म्हणून अशा ठिकाणी सर्व जमीनधारकांचा एक संघ असे. त्यास भौस म्हणत. ज्याची जमीन जितकी, तितकी त्याची बांधासाठी वर्गणी. बांधावर राखणदार नेमलेला असे. रात्री खिंडार पडल्याची हाक आली की उजाडण्याची वाट न पाहता माणसे निघत. दुसरी भरती बारा-साडेबारा तासांत येणारच असते, आणि प्रत्येक भरतीबरोबर खिंडार रुंदावते. पहिल्या ओहोटीत जे काम चार टोपल्या चिखलाने भागते, त्याला आठ दिवसांनी होड्या भरून दगड लागतो. गावच्या हाताशी असलेल्या थोड्या पैशाचे मोल दूरच्या मोठ्या रकमेहून अधिक ठरे ते यामुळे.

पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर ही व्यवस्था मोडली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. महसुलाचे अधिकारी अफोंसो मेशिया यांनी १५२६ साली गावकरीच्या चालीरीती लिहून काढल्या. ही सनद ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिसवाडीच्या ३१ गावांतील आठ प्रमुख गावे, गावकरांचे मानपान आणि सारा भरण्याची जबाबदारी तीत नोंदलेली आहे. पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर आली आणि त्यांनी ते लागवडीस आणले, अशी आख्यायिकाही तीत सांगितली आहे. नव्या सत्ताधाऱ्यांना गावकरीचे प्रेम होते असे नव्हे. त्यांना सारा हवा होता. सारा भातावर होता आणि भात बांधावर होते. पुढे सोळाव्या शतकाच्या मध्यावर तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी येथील देवळे पाडली गेली, त्यांच्या जमिनी चर्चकडे वळल्या, लोकांनी धर्म बदलला किंवा देव घेऊन नदीपार गेले. गावात एवढी मोठी उलथापालथ होऊनही बांधाची वर्गणी मात्र चालू राहिली. जमाखर्चात देवळाच्या जागी चर्चचे नाव आले. त्याच्या जवळची बांधाची ओळ आपल्या जागी राहिली.

या गावकरीला रामराज्य समजण्याचे मात्र कारण नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी गोव्याच्या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर जो निबंध लिहिला, आणि जो १९६२ च्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात आहे, तो या बाबतीत डोळे उघडणारा आहे. झोण मिळे ती गावकरांच्या पुरुष वंशजांना. ज्या कुणबी आणि गावडा मंडळींनी गुडघाभर चिखलात उभे राहून बांध घातला, त्यांचा सभेत शब्द नव्हता आणि नफ्यात भाग नव्हता. स्त्रियांनाही नव्हता. बांधासाठी पैसा गावात होता, निर्णय गावात होता, पण ‘गाव’ या शब्दात सगळे गाव मावत नव्हते. पुढे जे घडले त्याचे बीज या उणिवेत आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांत लढायांचा खर्च भागविण्यासाठी सरकारने गावांकडून वारंवार रकमा उचलल्या आणि गावकऱ्या कर्जात गेल्या. एकोणिसाव्या शतकात तर कोमुनिदादी मोडून जमिनी विकून टाकाव्यात असा विचार बळावला. तेव्हा गोव्याच्या सरकारात मुख्य सचिव असलेले कुन्य रिव्हार यांनी १८७० साली कोमुनिदादींच्या बाजूने पुस्तकच लिहिले. संस्था वाचल्या, पण १९०४, १९३३ आणि १९६१ च्या संहितांनी त्यांच्यावर सरकारी प्रशासकाचा हात अधिकाधिक घट्ट बसला. गावच्या पैशाला वरची मंजुरी लागू लागली. याच काळात गावकरांची मुले मुंबईस आणि आफ्रिकेस गेली. धोबीतलावच्या कुडीत राहणाऱ्या गावकराचा झोणीवरचा हक्क शाबूत होता, पण बांध कोठे खचला आहे हे त्याला दिसण्याचा संभव नव्हता. लाभ घेणारा आणि बांध पाहणारा हे दोघे येथेच प्रथम वेगळे झाले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली ग्रामपंचायती आल्या, १९६४ साली कूळकायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीच्या मालकीचा मार्ग खुला झाला. शतकानुशतके ज्याने चिखल वाहिला त्याला न्याय मिळाला. तो मिळावयासच हवा होता. परंतु कायदा करणाऱ्यांचे लक्ष शेतावर होते, बांधावर तितकेसे नव्हते. खंडाला मर्यादा पडली आणि कोमुनिदादीचे उत्पन्न आटले. उत्पन्नाबरोबर तिचा बांधातला रसही आटला. ही जबाबदारी कुळांनी संयुक्तपणे पार पाडावी म्हणून १९७५ च्या नियमांनी कूळ संघटना स्थापन केल्या. त्यांच्यावर देखरेख मामलेदाराची, मोठ्या दुरुस्तीचा खर्च आणि तंत्र बऱ्याच अंशी कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे, कोमुनिदाद बाजूला, आणि निवडून आलेली पंचायत या सर्व व्यवहाराच्या जवळजवळ बाहेर. पूर्वी एका जमाखर्चात जे बसत होते ते चार कचेऱ्यांत वाटले गेले.

कूळ संघटनांना स्वतःचे उत्पन्न मुळीच नव्हते असे नाही. मानशीचा लिलाव त्यांच्याकडे आला होता, आणि नेमके तेच घातक ठरले. कोळंबीला परदेशांत भाव आल्यावर लिलावाची बोली चढत गेली. आता मानशीच्या मासळीचे उत्पन्न भातापेक्षा जड झाले. लिलाव घेणाऱ्याच्या हिताची गोष्ट अशी की दरवाजे जास्त वेळ उघडे राहावेत, खारे पाणी अधिक आत यावे, पोंय खोल व्हावी. शेताच्या हिताची गोष्ट नेमकी उलट. पूर्वी दोन्ही उत्पन्ने एकाच सभेच्या हाती असल्यामुळे ती एकमेकांना आवर घालीत. आता कित्येक ठिकाणी शेत पडीक राहिले तरी संघटनेची पेटी भरलेली राहू लागली. मासळीसाठी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही काही कमी झाल्या नाहीत. त्यात खनिज लोखंड वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याच्या कालव्यातील बांध झिजविले. एकदा खारे पाणी शेतात कायमचे शिरले की काही वर्षांत तेथे खारफुटी उगवते. खारफुटी कायद्याने संरक्षित असल्यामुळे तेथे पुन्हा शेत करणे बहुधा अशक्य होते. जी झाडे बांधाच्या बाहेर राहून त्याचे रक्षण करीत, तीच आत आल्यावर शेताची वाट कायमची बंद होते.

समुद्रसपाटीखाली शेती करणारा आणखी एक देश गोमंतकाच्या इतिहासात डोकावून गेलेला आहे. डच आरमाराने १६३७ पासून काही वर्षे आणि पुन्हा १६५६ ते १६६३ या काळात मांडवीचे मुख अडवून धरले होते. त्या जहाजांवरील अनेकांच्या स्वतःच्या गावांतही बांध होते, आणि तेथेही ज्याची जमीन त्याची वर्गणी हाच न्याय चालत होता. तेथील बांध राखणाऱ्या संस्थांना ‘वॉटरस्खाप’ म्हणतात. त्यांना जलमंडळे म्हणावयास हरकत नाही. त्यांपैकी ऱ्हाइनलंडच्या मंडळाचा अधिकारपत्रातील उल्लेख १२५५ सालचा आहे. तेथील जुना दंडक कठोर होता. आपल्या वाट्याचा बांध ज्याला राखवेना, त्याने बांधात फावडे रोवावे आणि जमीन सोडून चालते व्हावे. ते फावडे जो उपटील त्याची ती जमीन आणि त्याचाच तो बांध.

डचांचा दाखला देताना त्यांचे अपयश लपविणे बरे नव्हे. १९५० च्या सुमारास त्या देशात सुमारे २,६०० जलमंडळे होती आणि त्यांतली कित्येक इतकी लहान व निर्धन होती की त्यांना बांधाची उंची राखणे झेपत नव्हते. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे वादळी भरतीने बांध फुटले आणि त्या देशात १,८३६ माणसे बुडून मेली. केवळ गावावर भार टाकून भागत नाही, हे त्या रात्रीने सिद्ध केले. परंतु त्यावर त्यांनी केलेला उपाय पाहण्यासारखा आहे. मंडळे रद्द करून बांध सरकारी खात्याकडे दिले नाहीत. लहान मंडळे एकत्र करीत करीत ती एकवीसपर्यंत आणली. त्यांचा कर बसविण्याचा आणि स्वतःची निवडणूक घेण्याचा हक्क कायम ठेवला. आणि १९५४ साली त्यांच्यासाठी एक स्वतंत्र बँक काढली, जिची मालकी मुख्यतः मंडळांचीच आहे. एकट्या मंडळाला ज्या व्याजाने कर्ज मिळाले नसते त्या व्याजाने ते सर्वांच्या पतीवर मिळू लागले. आज मोठा बांध उंच करावयाचा झाला तर खर्चाचा ५० टक्के भाग सरकार देते, ४० टक्के सर्व मंडळे मिळून देतात आणि उरलेले १० टक्के ज्याचा बांध त्या मंडळाने स्वतः घालावयाचे असतात. हे दहा टक्के दिसावयास थोडे आहेत; परंतु काम नीट आणि काटकसरीने व्हावे याची काळजी त्यांच्यामुळेच घेतली जाते.

हा सगळा जुना विषय आज पुन्हा काढण्याचे कारण उघड आहे. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटर या वेगाने चढली; त्यापूर्वीच्या शतकात हा वेग याच्या जेमतेम निम्मा होता. याच वेगाने तीस वर्षांत दहा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. अर्धी वीत ऐकावयास क्षुल्लक वाटते. पण मातीचा बांध उंच करावयाचा म्हणजे त्याचा तळही रुंद करावा लागतो, त्यामुळे माती उंचीच्या मानाने कितीतरी अधिक लागते. शिवाय ओहोटीला बाहेरची पातळी जितकी चढी राहील, तितका वेळ मानशीचे दरवाजे कमी उघडतील आणि पावसाचे पाणी शेतात अधिक काळ तुंबेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ ही चक्रीवादळे गोव्याजवळून गेली. पहिले तर ऐन कापणीच्या तोंडावर आले होते.

हवामानबदलाला तोंड देण्यासाठी स्थानिक संस्थांना बळ द्यावे, असे आता दिल्लीपासून पणजीपर्यंत सर्वजण म्हणतात. २०१५ साली केंद्राने यासाठी राष्ट्रीय अनुकूलन निधी काढला आणि त्याचे काम नाबार्डकडे दिले. हा पैसा प्रकल्पाच्या रूपाने येतो: प्रस्ताव, छाननी, मंजुरी, मुदत. बांध मात्र प्रकल्प नव्हे. तो न संपणारा खर्च आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार कोटी रुपयांहून अधिक अनुदान ठरविले. त्यातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेली. ती बंधने अनाठायी होती असे कोणी म्हणणार नाही. पण उरलेल्या ४० टक्क्यांत गावच्या बाकीच्या सगळ्या गरजा, आणि खाजनाचा बांध तर पंचायतीच्या ताब्यातच नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्यातील खाजनांचा नकाशा करून ती राखण्याचा आदेश दिला. ती राखण्याचा दर वर्षीचा खर्च कोणत्या खात्यातून करावयाचा, हे नकाशाने ठरत नाही.

कोमुनिदादी आजही आहेत, दोनशेहून अधिक. कूळ संघटनाही आहेत. त्यांच्या निवडणुका होतात आणि मानशीचे लिलावही होतात. पंचायतींना निवडून आलेले सदस्य आहेत, आणि त्यांना मत देणाऱ्यांत आज कुणबी, गावडा, स्त्रिया, सगळे गाव मावते, जे जुन्या गावकरीत कधी मावले नव्हते. या तिघांपैकी कोणाच्याही वहीत शेताचे उत्पन्न, मासळीचे उत्पन्न आणि बांधाचा खर्च एकाच पानावर लिहिलेला नाही. दरम्यान, पावसाळा तोंडावर आला की मृदसंधारण विभागाकडे दुरुस्तीचे अर्ज जातात, अंदाजपत्रके होतात आणि निविदा निघतात. आणि बांधापलीकडे मांडवीचे पाणी दर साडेबारा तासांनी चढत असते.